यीस्टचा मुक्काम, फिशटँक

मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं आणि गिरगाव-लालबागच्या पोरांना मासे ताटाबाहेर बघायचं हक्काचं ठिकाण मिळालं. घरी टँक आला की क्रॉफर्ड मार्केटची फेरी ठरलेली: गप्पी, एंजल, जिवंत ट्युबिफेक्स. यीस्ट तेव्हा थेट टँकमध्ये पडत नसे. ते जाई डॅफ्नियाच्या बरणीत. त्यावर डॅफ्निया पोसायचे आणि माशांच्या पिल्लांना घालायचे.

पुढे ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने काचेत हिरवीगार बाग फुलवायचं वेड जगाला लावलं. वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड हवा आणि सिलिंडर परवडेना, म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घालून झाकणातून नळी काढायची, हा जुगाड इथेही रुळला. मे महिन्यात मात्र बाटली चार दिवस जोरात बुडबुडे सोडे आणि लवकरच थंडावे.

अमानोंनी शेवाळ खायला कोळंबी पाळली होती. त्यांच्या मागून आली लाल चेरी श्रिंप, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची. कोळंबी म्हणजे कालवण, असं मानणाऱ्या परळमध्ये तिला खाऊ घालायचं म्हटल्यावर घरच्यांनी काय टोमणे मारले असतील ते सोडा! यीस्ट पुन्हा कामाला आलं. त्याची पेशी पाच-दहा मायक्रॉनची, पिल्लाला वेचून खाण्याजोगी नव्हेच. पण तिच्यावर जिवाणू वाढतात, मॉसवर नि दगडांवर बुळबुळीत थर धरतो आणि पिल्लं तो दिवसभर चरतात.

आजही रीत तीच. चार-पाच दाणे कोमट पाण्यात विरघळवायचे, पाणी जरा गढूळ दिसलं की ड्रॉपरने दोन-चार थेंब सोडायचे. टँक दुधाळ झाला तर हात सैल सुटला समजा. मुंबईच्या उकाड्यात हे महागात पडतं: २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यातलाच जिवाणू ओढतात. सकाळी बघावं तर श्रिंप पृष्ठभागाशी चिकटलेल्या.

तयार पावडरीही मिळतात. डब्यामागची यादी वाचली तर त्यांतही बऱ्याचदा यीस्ट असतंच. माझं मत विचाराल तर दादरच्या रस्त्यावर पडलेलं देशी बदामाचं वाळकं पान उकळून टाका. तोच थर धरतो, पण सावकाश. यीस्ट पिल्लं भरपूर झाल्यावर, तेही पाऊस लागून उकाडा उतरल्यावर.