वायपर मोटर

वायपर मोटर ही मोटारगाडीच्या काचेवरील पाणी व धूळ पुसणारे वायपर हलवणारी विद्युत मोटर होय. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ अन्वये मोटारीस कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे.

रचना

बहुतेक मोटारींत ही १२ व्होल्टची, एकदिश प्रवाहावर चालणारी मोटर असते. आर्मेचरच्या दांड्यावरील वर्म गिअर दातेरी चाकाला संथपणे फिरवतो. चाकाला जोडलेल्या क्रँकमुळे गोल गतीचे मागेपुढे होणाऱ्या गतीत रूपांतर होते.

हेडलाइट वायपर

१९७० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने 'साब ९९' मोटारीच्या दिव्यांवरही वायपर बसवले. कालांतराने दिव्यांना काचेऐवजी पॉलिकार्बोनेटची आवरणे आली. त्यांवर घासल्याने ओरखडे पडत असल्याने पाण्याचे फवारे रूढ झाले. भारतातील अ‍ॅम्बॅसेडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींत केवळ समोरच्या काचेचे वायपर असत.

जाम होण्याची कारणे

दीर्घकाळ वापर न होणे हे मुख्य कारण आहे. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उरलेले महिने वायपर क्वचितच वापरले जातात. उन्हाळ्यात अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. उष्णतेने जुने ग्रीस घट्ट होते, त्यात धूळ मिसळते आणि आधीच्या पावसाळ्यात शिरलेल्या पाण्याने दांडा व बुश गंजतात. परिणामी बिघाड पहिल्या पावसातच, रस्ता दिसेनासा होताना लक्षात येतो.

दुरुस्ती

प्रथम मोटर सांधेदांड्यांपासून सोडवून चालवतात. ती फिरल्यास दोष सांधेदांड्यांत किंवा वायपरच्या बुशांत असतो. न फिरल्यास फ्यूज व जोडण्या तपासून तिला बॅटरीवरून थेट प्रवाह देतात. जाम मोटर अधिक प्रवाह ओढत असल्याने बटण चालू ठेवल्यास वाइंडिंग जळू शकते.

मोटर खोलण्यापूर्वी क्रँकच्या जागेची खूण करतात. जुने ग्रीस काढून गंजलेला दांडा बारीक पॉलिश पेपरने घासतात, कार्बन झिजले असल्यास बदलतात, बुशांना तेल व गिअरला नवे ग्रीस देतात. आतील चुंबक ठिसूळ असल्याने आवरणावर हातोडी मारणे टाळतात. वाइंडिंग जळले असल्यास आर्मेचर किंवा संपूर्ण मोटर बदलावी लागते. जोडणीनंतर मोटर चालवून बंद करतात व ती थांबण्याच्या नियत जागी आल्यावरच वायपर बसवतात.

प्रतिबंध

कोरड्या ऋतूत महिन्यातून एकदा काच ओली करून वायपर चालवल्यास मोटर जाम होण्याची शक्यता कमी होते. कोरड्या, धुळीच्या काचेवर वायपर चालवल्यास काचेवर ओरखडे पडतात.