घड्याळ मागे घेताना

१ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, नवी वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे काटे ३९ मिनिटे पुढे सरकले. सूर्य होता तिथेच राहिला. गिरणी कामगाराला मात्र तेवढे लवकर उठणे आले. जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी त्याच महिन्यात याला विरोध केला.

आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत भोंग्याचा अधिकार संगणकाच्या घड्याळाकडे गेला आहे. कामगाराची हजेरी, यंत्रावर तयार झालेला भाग, त्याची तपासणी, गेटबाहेर पडलेला ट्रक, अशा प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का असतो. पण संगणकातला क्वार्ट्झचा स्फटिक तापमानानुसार थोडा चुकतो. दहा लाखांत वीस भाग एवढीच चूक धरली, तरी दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंदांचा आणि महिन्याला जवळजवळ मिनिटाचा फरक पडतो.

घड्याळ पुढे गेले असेल तर सरळ मागे घ्यावे, असे वाटते. घोटाळा तिथेच होतो. समजा, भाग तयार झाल्याची नोंद १०:०२ला झाली. मग घड्याळ पाच मिनिटे मागे घेतले आणि तपासणीची नोंद ९:५९ची पडली. म्हणजे कागदोपत्री भाग तयार होण्याआधीच तपासला गेला! पुढे तो सदोष निघाला, तर पहिला संशय तपासनिसावर येणार.

म्हणून काटे मागे न घेता चाल मंद करतात. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडलेल्या एनटीपी या वेळ जुळवण्याच्या पद्धतीत लहान फरक असाच मुरवला जातो. युनिक्स घराण्यातल्या प्रणालींत ही गती साधारणपणे सेकंदामागे अर्धा मिलिसेकंद असते. एक सेकंद मुरायला ३३ मिनिटे २० सेकंद लागतात, पाच मिनिटे मुरायला जवळजवळ सात दिवस. वेळ लागतो, पण नोंदींचा क्रम मोडत नाही. फरक फारच मोठा असेल, तर काम थांबवून घड्याळ एकदम बदलावे आणि जुनी वेळ, नवी वेळ व कारण लिहून ठेवावे. दोन घटनांमधले अंतर मात्र या घड्याळावर मोजूच नये. त्यासाठी संगणकात फक्त पुढेच जाणारा वेगळा गणक असतो.

जुळवायचे कशाशी, हेही ठरलेले आहे. २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळे जोडायला सांगितले.

या पट्ट्यातल्या काही लहान कारखान्यांत मी हजेरीयंत्रे पाहिली. घड्याळ कधी आणि कितीने बदलले, याची नोंद तिथे क्वचितच सापडली. १९०६च्या कामगाराला घड्याळ बदलल्याचे निदान ठाऊक तरी होते. आज ते रात्रीतून बदलते आणि सकाळी कुणाच्या तरी नावापुढे उशिराची खूण लागते. ती खूण तपासायची, तर बदलाची नोंद कामगारालाही पाहता आली पाहिजे.