थकव्याचं माप

नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे माझा हंगाम. साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत गेली सव्वीस वर्षं मी ब्लाउज शिवते. या दिवसांत रोजचे सहा, अस्तराचे असले तर चार, आणि फॉल-पिको वेगळं. गेल्या वर्षी मात्र हात चालेना. दुपारी काजं करायला घेतली की सुई हातात तशीच राहायची. जिना चढून वर गेलं की खांद्याच्या पात्यांमध्ये दुखायचं, जबडा आवळल्यासारखा व्हायचा. मान खाली घालून शिवणारीची पाठ दुखायचीच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पित्ताची गोळी घेतली. अष्टमीच्या पहाटे अंग घामानं भिजलं, मळमळायला लागलं, तेव्हा मुलानं गाडी काढली. ईसीजी पाहून डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक आहे."

छातीत कळ आलीच नव्हती, म्हणून माझा विश्वास बसेना. छातीत दुखणं हे बायकांमध्येही सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे. पण धाप, मळमळ, पाठ आणि जबडा दुखणं, विचित्र थकवा ही लक्षणं बायकांमध्ये त्याच्या जोडीला जास्त दिसतात, आणि कधी कधी छाती दुखतच नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ५१५ बायकांना विचारलं होतं. त्यातल्या सुमारे ७० टक्के बायकांना अटॅकच्या महिनाभराहून आधीपासून कधी नव्हे असा थकवा जाणवला होता. माझाही थकवा बोलत होता. मी त्याला हंगाम म्हणत होते.

त्याच सकाळी अँजिओप्लास्टी झाली. उजव्या मनगटाच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली, अडथळ्याच्या जागी फुगा फुगवला आणि तिथे औषधाचा लेप असलेली धातूची जाळी बसवली. तीच स्टेंट. कॉलरला आतून कॅनव्हास लावतो, तशी ती रक्तवाहिनीला आतून ताठ धरून ठेवते. चौथ्या दिवशी मी घरी आले. मनगटावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका आणि भोवती काळंनिळं, बस.

तिथूनच खरी पंचाईत सुरू झाली. शेजारच्या काकांच्या बायपासला छातीवर वीतभर व्रण होता. तीन महिने त्यांना कुणी पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. माझा ठिपका आठवड्यात दिसेनासा झाला. येणारा-जाणारा म्हणे, "स्टेंट बसली ना? मग आता नवं इंजिन!" आणि या नव्या इंजिनाला केस धुतल्यावर अर्धा तास आडवं व्हावं लागत होतं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, माझा भाऊ आठव्या दिवशी ऑफिसला गेला." मी मनातल्या मनात खजील झाले.

तो कसा गेला, ते मला फार उशिरा उमगलं. त्याला अटॅक आलाच नव्हता. चालताना छातीत भरून यायचं म्हणून तपासण्या करून, तारीख ठरवून त्याची अँजिओप्लास्टी झाली होती. असे लोक बहुधा आठवड्याभरात कामाला लागतात. अटॅकमध्ये मात्र हृदयाच्या स्नायूचा काही भाग रक्तावाचून दुखावतो. स्टेंट रस्ता मोकळा करते, दुखावलेला स्नायू त्याच दिवशी बरा करत नाही. त्याला भरून यायला काही आठवडे लागतात, अंगातली ताकद परत यायला कधी काही महिने. माझ्या हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता इकोमध्ये ४५ टक्के आली होती. साधारण ५५ ते ७० असते. दोघांना स्टेंट एकच, पण आजारपण एक नव्हतं.

सहाव्या आठवड्यात तपासणीला गेले आणि म्हणाले, "डॉक्टर, फार दमायला होतं." ते म्हणाले, "काकू, थकवा थोडा येणारच. विश्रांती घ्या." भेट संपली. रिक्षात बसल्यावर माझंच मला वाटलं, एखादी बाई दुकानात येऊन नुसतं "ब्लाउज जरा सैल शिवा" म्हणाली, तर मी तरी काय शिवणार? सैल म्हणजे किती? छातीत की दंडात? मी टेप काढते, माप वहीत लिहिते, मग कात्री उचलते. मग थकव्याचं माप मी का घेतलं नव्हतं?

त्या रात्री मापाच्या वहीची मागची पानं उघडली. काय काम केलं, किती वाजता, थकवा दहापैकी किती, नाडी किती. त्यातल्या चार ओळी अशा:

मंगळवार, सकाळी ७.३० – गोळ्या घेतल्या.
९.३० – केस धुतले. थकवा ७. नाडी ४८. अर्धा तास पडले.
बुधवार, १०.०० – चार पोळ्या लाटल्या. थकवा ६. दंड भरून आले.
गुरुवार, ५.०० – पाहुण्या तासभर बोलत बसल्या. मी फक्त ऐकलं. थकवा ८.

पंधरा दिवसांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. शेवटची ओळ वाचून ते हसले. नाडीचे आकडे पाहून मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली. सकाळच्या गोळ्यांनंतर दोन-तीन तासांनी नाडी रोज पन्नाशीच्या खाली जात होती आणि थकवा तेव्हाच सगळ्यात जास्त होता. बीटा-ब्लॉकर नावाची गोळी हृदयाची गती कमी करून त्याला विसावा देते. डोस अंगाला जास्त झाला, की माणूसच विसावतो. त्यांनी डोस निम्मा केला. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२.

हिमोग्लोबिन आलं ९.६. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. आपल्याकडे यात नवल नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांना रक्तक्षय आढळला होता. पण माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या. म्हणून डॉक्टरांनी शौचाचा रंग काळा होतो का ते विचारलं आणि पोटात कुठे रक्तस्राव नाही ना, याची खात्री करून घेतली. मगच लोहाची गोळी दिली आणि बजावलं, "चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही." इतकी वर्षं मी प्रत्येक गोळी चहाच्या घोटाबरोबरच घेत आले होते!

मधल्या काळात एका गिऱ्हाईक बाईंनी सल्ला दिला होता, "वहिनी, या गोळ्यांनीच थकवा येतो. चार दिवस सोडून बघा." अर्धं खरं असल्यामुळे हा सल्ला फार धोक्याचा. गोळ्यांनी थकवा येऊ शकतो. बीटा-ब्लॉकरचं सांगितलंच, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात, रक्त पातळ ठेवणाऱ्या टिकाग्रेलॉरनं काहींना दम लागल्यासारखं होतं. पण त्यावरचा उपाय डॉक्टरांच्या हातात आहे. डोस बदलतो, गोळी बदलते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनानं सोडल्या, तर नव्या जाळीत गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. बीटा-ब्लॉकरही एकदम तोडायची नसते.

औषधाचं माप नीट बसल्यावर उरला तो अंगाचा थकवा. आणि त्याला विश्रांती नव्हे, चाल लागते, हे मला खरंच वाटत नव्हतं. पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले पडतात, मग थोड्याशा कामानंही दम लागतो. फिजिओथेरपिस्ट मुलीनं आधी सपाटीवर दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं चालायला लावलं आणि दर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट वाढवलं. साताऱ्यात सपाटी शोधावी लागते! मी राजवाड्यासमोरचं गांधी मैदान धरलं. तिची खूण सोपी होती: "चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाता आलं तर वेग कमी आहे, बोलता येईना तर जास्त." अटॅकनंतरच्या अशा देखरेखीतल्या व्यायामाला कार्डियाक रिहॅब म्हणतात. तिथे बायका पुरुषांपेक्षा कमी पोहोचतात, आणि पोहोचलेल्यांतल्या बऱ्याच अर्ध्यावर सोडतात. कारण विचारायला नको; संध्याकाळी साडेपाचला स्वयंपाक कोण बघणार?

आमच्या घरी तो प्रश्न पोळ्यांवरून निघाला. एका चांगल्या दिवशी मी हौसेनं वीस पोळ्या लाटल्या, दोन ब्लाउज कापले आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढले. हे म्हणाले, "काल तर ठणठणीत होतीस!" मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून तीन पानं वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणायला लागले. मी तोंडानं शंभरदा "दमते" म्हटलं होतं, ते पोहोचलं नव्हतं.

माझ्या धंद्यात एक नियम आहे: कापड बेताचं असेल तर आधी कागदावर आखायचं. दिवसाची ताकदही मी तशीच आखते. जड काम सकाळी, पण अंघोळीनंतर लगेच नाही. चाळीस मिनिटं मशीन, वीस मिनिटं पाय वर. दिवस चांगला असला तरी आखल्याबाहेर कापत नाही.

एक गोष्ट वहीत फार उशिरा आली. एका संध्याकाळी हुक उलटं लागलं एवढ्यावरून मी ढसाढसा रडले. रात्री तीनला जाग यायची, पुन्हा अटॅक येईल असं वाटायचं. हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटली होती. अटॅकनंतर नैराश्य येणं नेहमीचं आहे, बायकांमध्ये अधिक. आणि तेही अनेकदा थकव्याच्याच रूपात येतं. त्यावरही उपचार आहेत.

काही थकवा मात्र वहीत लिहीत बसायचा नसतो. छाती, जबडा, पाठ किंवा हातात दाब, घाम, बसल्या जागी धाप, चक्कर असं झालं तर १०८ ला फोन. पावलांना सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं किंवा काळं शौच दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आज आठ महिने झाले. हिमोग्लोबिन ११.८ आहे. गांधी मैदानाला सलग तीस मिनिटं फेऱ्या मारते. ब्लाउज दिवसाला तीन होतात. चौथीला मी "उद्या या" म्हणते आणि ती येतेही.

तुमच्या घरात स्टेंट बसलेली कुणी बाई "दमते गं" म्हणत असेल, तर तिला एक वही आणि पेन द्या. आणि बाई तुम्हीच असाल, तर डॉक्टरांकडे नुसती तक्रार घेऊन जाऊ नका. माप घेऊन जा.