अंमल

मराठीत ‘अंमल’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. राज्यकर्त्याचा असतो तो अंमल, आणि अफू-गांजाचा चढतो तोही अंमलच. सत्ता आणि कैफ यांना भाषेने एकाच शब्दात बसवले, ते किती नेमकेपणाने, हे गर्दच्या आहारी गेलेला माणूस ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना सांगावे लागत नाही.

हा अंमल आपल्याकडे नवा नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला रवाना होत असे, आणि त्या व्यापाराच्या करावर सरकारी खजिना पोसला जात असे. मुंबईच्या गिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या बाया, मागे खोलीत ठेवलेले तान्हे मूल रडू नये म्हणून, त्याला अफूची ‘बाळागोळी’ चाटवून कामावर जात; मूल निपचित निजे, आणि ती निद्रा म्हणजे स्वस्थता होय असे त्या माउल्यांना वाटे. ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता त्यांना दोष देणे माझ्याने होत नाही.

पुढे रसायनशास्त्राने अफूची शक्ती अनेक पटींनी वाढवली. अफूतून मॉर्फिन वेगळे काढण्यात आले, त्यापासून १८७४ साली लंडनमध्ये एक नवे संयुग सिद्ध झाले, आणि १८९८ साली बायर या जर्मन कंपनीने तेच ‘हेरॉइन’ या नावाने, खोकल्यावरचे गुणकारी औषध म्हणून, बाजारात आणले. त्याचाच ओबडधोबड, भेसळयुक्त अवतार १९८० नंतरच्या दशकात ब्राउन शुगर म्हणून मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि महाविद्यालयांत शिरला. लोक त्याला ‘गर्द’ म्हणू लागले, आणि पन्नीवर पूड ठेवून, खाली काडी धरून तिचा धूर ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’ हे तुच्छतादर्शक नाव मिळाले.

त्या तुच्छतेमागे एक मोठे अज्ञान आहे. व्यसनी माणूस सुखासाठी नशा करतो, असा आपला समज असतो. आरंभी ते खरेही असते. परंतु वेदना शमवणारी जी द्रव्ये मेंदू स्वतःच निर्माण करतो, त्यांच्या जागा हे परके द्रव्य बळकावते, मेंदू हळूहळू त्याच्याशी जुळवून घेतो, पहिली मात्रा अपुरी पडू लागते, आणि अखेरीस त्या द्रव्यावाचून शरीराचा नित्याचा कारभारही चालेनासा होतो. मात्रा चुकली की काही तासांतच ‘टर्की’ सुरू होते: जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हाडे मोडल्यासारख्या वेदना आणि झोपेचा संपूर्ण अभाव. घरातील भांडे विकणारा, आईच्या पाकिटाला हात घालणारा मुलगा त्या क्षणी सुख विकत घेत नसतो; तो केवळ या यातनेतून काही तासांची सुटका मागत असतो.

१९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनासाठी शिक्षा आहे. तथापि, स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनीस खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूदही त्यात आहे, आणि ती घरोघरी माहीत असावयास हवी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे या श्रद्धेवर.

टर्की साधारणतः आठवड्याभरात ओसरते. ओढ मात्र कित्येक महिने टिकते. म्हणूनच उपचारानंतरचे, किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे, घरी परतण्याचे दिवस सर्वांत जोखमीचे. शरीराची सवय तोपर्यंत मोडलेली असते, मनाला मात्र जुनी मात्राच आठवते. ती एकदा घेतली की मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते, श्वास घरघरू लागतो, ओठ निळसर पडतात. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठले, तर नॅलोक्सोन या इंजेक्शनाने प्राण वाचू शकतात. परंतु पुष्कळदा घरातील माणसे ती घरघर ऐकून, बऱ्याच दिवसांनी पोराला गाढ झोप लागली म्हणून, दिवा मालवून दार ओढून घेतात.