बाण किती वाकावा?

धनुष्याची मूठ वाटेत असूनही बाण सरळ कसा जातो? तो वाकतो म्हणून! बोटांवरून निसटलेली दोरी मागून रेटते, जड टोक जडत्वामुळे मागे राहू पाहते. मधली दांडी वाकून मुठीला वळसा घालते.

म्हणूनच अमेरिकेतील शिकारी रिकर्व्ह धनुष्यासाठी कार्बनचा बाण घेताना आधी त्याचा ताठपणा पाहतात. २८ इंचांवरच्या दोन आधारांवर दांडी ठेवून मध्ये सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचे. ती अर्धा इंच झुकली तर क्रमांक ५००. म्हणजे क्रमांक मोठा, तितका बाण लवचीक. (वर्गात लाकडी पट्टीवर करून पाहा.) दांडी आखूड केली की बाण ताठ वागतो, टोक जड केले की लवचीक.

वजन साधारणपणे धनुष्याच्या ओढीच्या दर पौंडामागे ८ ते १० ग्रेन ठेवतात. ४५ पौंडांना ४५० ग्रेन, म्हणजे सुमारे २९ ग्रॅम. हलका बाण वेगवान खरा, पण धनुष्याची ऊर्जा कमी उचलतो. उरलेली धनुष्यालाच हादरवते. जड बाणाचा संवेग जास्त, पाते खोल जाते. ते उथळ गेले तर जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहते.

अखेरची परीक्षा बिनपिसांच्या बाणाची. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा असा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर तो फार ताठ, उजवीकडे लागला तर फार लवचीक.