विश्लेषण : खाणीच्या फलकावर संघटनेची निवडणूक आणि सुरक्षेची सूचना… या दोन कागदांचा संबंध काय?

वणी तालुक्यातील कोळसा खाणींवर पाळी बदलताना कामगार टाइम ऑफिसच्या फलकासमोरून जातो. त्यावर कामगार संघटनेच्या शाखेची सभा, सदस्य नोंदणी, कार्यकारिणीची निवडणूक अशी पत्रके असतात आणि शेजारी व्यवस्थापनाच्या सुरक्षाविषयक सूचना. पहिला कागद पुढाऱ्यांचा आणि दुसरा साहेबांचा, असा सर्वसाधारण समज. कायद्याने मात्र हे दोन कागद एकमेकांना बांधले आहेत. खाणीतल्या धोक्याबद्दल कामगारांच्या वतीने कोण बोलणार, हे बऱ्याच अंशी संघटनेच्या अंतर्गत व्यवहारावर ठरते. हे कसे, याचा वेध…

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न कोणाचा?

यवतमाळची ओळख कापसाची. पण जिल्ह्याचे पूर्वेकडचे टोक, म्हणजे वणी तालुका, वर्धा खोऱ्यातील कोळसा पट्ट्यात येतो. वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, म्हणजेच वेकोलिच्या उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, घोन्सा या खाणींची नावे इथल्या बातम्यांत नेहमीची. भालरला वेकोलिची वसाहत आहे. नदीपलीकडे लगेच चंद्रपूर जिल्हा लागतो, त्यामुळे कामगार, ट्रक आणि संघटना दोन्ही काठांवर सारख्याच. खाणी बहुतांश खुल्या, म्हणजे वरची काळी माती आणि खडक काढून खाली कोळशापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या. इथे छत कोसळण्यापेक्षा कड ढासळणे, मातीचा ढिगारा सरकणे, मागे येणाऱ्या डंपरखाली सापडणे आणि पावसाळ्यात पाणी शिरणे हे धोके मोठे.

संघटनेची निवडणूक कोण घेते?

सरकार घेत नाही. अनेक सदस्यांना हेच ठाऊक नसते. कामगार संघटना अधिनियम, १९२६ नुसार संघटनेची नोंदणी राज्याच्या कामगार विभागातील निबंधकाकडे होते. निवडणूक मात्र संघटनेने स्वतःच्या नियमावलीनुसार घ्यायची असते. पदाधिकारी कसे निवडायचे आणि कसे काढायचे, हे त्या नियमावलीत लिहिलेले नसेल तर नोंदणीच मिळत नाही. सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती किती, मतदान हात वर करून की चिठ्ठीने, याचे उत्तरही तिथेच शोधावे लागते. त्यामुळे फलकावरच्या सूचनेत काही खटकले, तर पहिली मागणी नियमावलीच्या प्रतीची करावी.

२००१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांहून अधिक असू नये, असे बंधन आले. संघटित उद्योगातील संघटनेत बाहेरचे, म्हणजे त्या उद्योगात प्रत्यक्ष काम न करणारे पदाधिकारी एकूण संख्येच्या एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जे कमी तितकेच ठेवता येतात. हिशेब तपासून दरवर्षी निबंधकाला विवरणपत्र द्यायचे आणि पदाधिकारी बदलले तर तेही कळवायचे. सदस्यांची यादी आणि हिशेबाची पुस्तके पाहण्याचा हक्क साध्या सदस्यालाही आहे. तो बजावणारे थोडे. शाखेच्या सभेत ‘मागील कार्यकारिणी कायम’ असा ठराव टाळ्यांनी मंजूर होण्याचा प्रकार कोणत्याही क्षेत्रातील कामगाराला नवा वाटणार नाही.

निवडणुकीवरून वाद झाला तर?

महाराष्ट्रात यासाठी १९२६ च्या कायद्यात वेगळे कलम जोडलेले होते. अमुक व्यक्ती पदाधिकारी आहे की नाही, कोणाला सदस्यत्वातून चुकीने काढले का, असा वाद किमान सहा महिने सदस्य असलेल्या कामगाराला निबंधकाच्या संमतीने औद्योगिक न्यायालयात नेता येत असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद न्यायाधिकरणापुढे नेण्याची तरतूद आहे.

वाद लांबला तर काय होते, याचे उदाहरण कोळसा उद्योगातच आहे. ‘इंटक’चे खरे नेतृत्व कोणाचे, हा गटांमधला वाद न्यायालयात गेला आणि कोल इंडियाच्या द्विपक्षीय समित्यांमधील या संघटनेचे स्थान अडचणीत आले. २०१७ चा दहावा वेतन करार आणि २०२३ मधील अकरावा करार यांवर कामगारांच्या बाजूने भारतीय मजदूर संघ, हिंद मजदूर सभा, आयटक आणि सिटू या चार संघटनांच्याच सह्या झाल्या. वेतन करारातील गैरहजेरी सर्वांना दिसली. पण द्विपक्षीय समित्या वेतनापुरत्या नसतात. सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या समित्याही त्याच धर्तीच्या असतात.

सुरक्षेच्या टेबलावर कामगारांचे कोण बसते?

याचे उत्तर खाण नियम, १९५५ मध्ये आहे आणि ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. शंभरहून अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक खाणीत सुरक्षा समिती हवी. खाण व्यवस्थापक तिचा अध्यक्ष. त्याने नेमलेले पाच अधिकारी किंवा जाणकार एका बाजूला. कामगारांनी नामनिर्देशित केलेले पाच जाणकार दुसऱ्या बाजूला. शिवाय कामगार निरीक्षक, आणि सचिव म्हणून सुरक्षा अधिकारी. समितीने धोक्याच्या जागा, झालेले अपघात आणि त्यांवरचे उपाय यांची चर्चा करायची. पावसाळ्याआधीच्या बैठकीला तर वणीसारख्या भागात विशेष अर्थ आहे. नदी-नाल्यांच्या काठच्या खाणींत बांध, पंप आणि पाण्याचा निचरा यांची स्थिती तेव्हाच विचारायला हवी.

कामगार निरीक्षक हे पद खाणीबाहेर फारसे कोणाला माहीत नाही. खाणीत ५०० किंवा अधिक माणसे असतील, तर तीन पात्र कामगारांची या पदावर नेमणूक करायची असते : एक खाणकामासाठी, एक विद्युत यंत्रणेसाठी, एक यांत्रिक यंत्रणेसाठी. नेमतो व्यवस्थापकच, पण नोंदणीकृत संघटनांशी विचारविनिमय करून. हा माणूस सरकारी निरीक्षक नव्हे. तो सोबतचाच कामगार. त्याने कामाच्या जागा फिरून पाहायच्या, दोष नोंदवहीत लिहायचे आणि तातडीचा धोका दिसला तर व्यवस्थापकासह सरकारी निरीक्षकालाही कळवायचे.

तो काय पाहू शकतो, याचे एक उदाहरण. कोळसा खाण विनियम, २०१७ नुसार काढलेल्या मातीचा ढिगारा ३० मीटरहून उंच जात असेल, तर तो पायऱ्या करूनच रचायचा. एकेक पायरी ३० मीटरपेक्षा उंच नको आणि एकूण उतार एक उभ्याला दीड आडवा यापेक्षा तीव्र नको. हे मोजायला सर्वेक्षक लागतो. पण ढिगाऱ्याच्या माथ्यावर नवी भेग पडली आहे, पायथ्याशी पाणी साचले आहे, डंपर रिकामा करण्याच्या जागी कडेचा मातीचा बांध राहिलेलाच नाही, हे रोज तिथे जाणाऱ्याला उघड्या डोळ्यांनी दिसते. डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडमधील राजमहल खुल्या खाणीत मातीचा प्रचंड भाग सरकून २३ कामगार गाडले गेले, त्यानंतर ढिगारे आणि कडांच्या स्थैर्याचा मुद्दा देशभर ऐरणीवर आला.

आता मूळ प्रश्न. समितीवरचे ते पाच जण ‘कामगारांनी’ नामनिर्देशित करायचे, असे नियम म्हणतो. व्यवहारात नावे संघटनांकडून येतात. एकेका खाणीत चार-पाच संघटना, प्रत्येकीची ताकद सदस्यसंख्येवर मोजली जाणार. म्हणजे शाखेच्या निवडणुकीत जो गट जिंकला, त्याच्या पसंतीचा माणूस सुरक्षा समितीत जाणार. तो वीस वर्षे शॉवेल चालवलेला असू शकतो. कार्यालयात बसून शाखेचे काम पाहणाराही असू शकतो. नियमात ‘जाणकार’ हा शब्द आहे, पण ते तपासायचे कोणी, यावर कोणी भांडत नाही. बदली, बढती, क्वार्टर या प्रश्नांवर शाखा निवडणुका गाजतात. मागच्या वर्षी सुरक्षा समितीच्या किती बैठका झाल्या, असे विचारत मते मागणारा उमेदवार क्वचितच दिसेल.

अपघाताची नोटीस संघटनेला दाखवायची असते का?

होय, आणि दोन कागदांमधला सर्वात थेट दुवा हाच. खाण अधिनियम, १९५२ च्या कलम २३ नुसार जीवितहानी किंवा गंभीर दुखापत झाली, स्फोट झाला, आग लागली किंवा पाणी घुसले, तर संबंधित यंत्रणांना सूचना देताना तिची प्रत खास फलकावर लावणे व्यवस्थापनावर बंधनकारक आहे. ती कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना पाहता येईल अशा जागी लावायची आणि किमान १४ दिवस तिथे ठेवायची. अपघाताची जागा सरकारी निरीक्षक येण्यापूर्वी हलवता येत नाही. अपवाद आणखी अपघात टाळण्याचा, मृतदेह काढण्याचा, कोणाला वाचवण्याचा किंवा काम थांबल्याने खाणीचे कामकाज गंभीरपणे अडणार असेल तेव्हाचा. निरीक्षक ७२ तासांत आलाच नाही, तर काम सुरू करता येते.

संघटनेच्या पदाधिकाऱ्याने करायचे ते एवढेच, पण नेमके : नोटिशीतली वेळ, जागा आणि अपघाताचे वर्णन त्या पाळीतल्या कामगारांच्या सांगण्याशी ताडून पाहायचे आणि तफावत असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाला लेखी कळवायचे. महासंचालनालयाचे मुख्यालय धनबादला असले, तरी या भागाचे कामकाज नागपुरातून चालते. कोण अधिकृत पदाधिकारी, याचाच वाद सुरू असेल, तर त्या पत्रावर सही कोणाची, असा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो.

कंत्राटी कामगार या चित्रात कुठे?

जवळपास कुठेच नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. खुल्या खाणींत माती काढण्याचे मोठे काम खासगी कंत्राटदारांकडे गेले आहे. डंपरवरचा चालक, मदतनीस, पंपावरचा माणूस कंत्राटदाराचा. राहायचा खाणीलगतच्या कॅम्पात, कधी परप्रांतातून आलेला. कायद्याच्या दृष्टीने तोही खाणीतच कामाला असलेला माणूस. कंत्राटदार मध्ये आल्याने खाणमालकाची जबाबदारी संपत नाही आणि १९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांखालील प्रशिक्षण त्यालाही मिळायला हवे. पण संघटनांचा मुख्य पाया कायम कामगारांचा. शाखा निवडणुकीची सूचना त्याच्यासाठी नसते. धोक्याच्या जागी तो पुढे आणि मतदारयादीत बहुतेक वेळा नाही.

भाषेचाही मुद्दा आहे. वेकोलिच्या कागदोपत्री व्यवहारावर हिंदीचा प्रभाव. वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलली जाते. सुरक्षेची सूचना ज्याने वाचायची त्याला ती वाचता येते का, हे सुरक्षा समितीच्या कामात यायला हवे.

नव्या कामगार संहितांनी काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या. १९२६ चा संघटना कायदा औद्योगिक संबंध संहितेत आणि १९५२ चा खाण कायदा सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत सामावला. नवे नियम पूर्णपणे येईपर्यंत, विसंगत नसलेले जुने नियम चालू राहतात, अशी संक्रमणाची व्यवस्था आहे. दोन बदल लक्षात ठेवावेत. एक, आस्थापनेत ५१ टक्के सदस्य असलेली संघटना एकटी वाटाघाट करणारी संघटना ठरते. तेवढे कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्क्यांच्या संघटनांची परिषद होते. त्यामुळे सदस्यसंख्या आणि तिची पडताळणी यांचे महत्त्व आणखी वाढले. दुसरा, तातडीच्या धोक्याची रास्त भीती वाटणाऱ्या कामगाराला ती मालकापुढे थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत मांडता येते आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवता येते. हा हक्क कंत्राटी चालकालाही आहे. तो वापरल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याला डंपरवर बसवले जाईल का, याची हमी कलमात सापडत नाही.

जिथे फलकच नाही तिथे?

खाणीत निदान फलक आहे, समिती आहे, नोंदवही आहे. याच जिल्ह्यात सर्वाधिक हात ज्या कामात आहेत, त्या शेतीत यातले काही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात किमान २० शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह विविध रुग्णालयांत दाखल करावे लागले. कामाच्या ठिकाणचा हा जिल्ह्यातील अलीकडचा सर्वात मोठा अपघात, पण त्याची नोंद कामगार सुरक्षेच्या खात्यात झाली नाही. ती शेतीच्या खात्यात गेली. मजुरांची संघटना नव्हती, त्यामुळे पहिल्या काही रुग्णांनंतर धोक्याची लेखी सूचना देणारा अधिकृत माणूसही नव्हता. सुरक्षा संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. चार-पाच मजुरांनी फवारणी होणारे शेत तिच्या बाहेरच.

कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये फवारणी करणाऱ्यालाही संरक्षक कपडे देण्याची तरतूद आहे. विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोन डब्यावर छापणेही सक्तीचे आहे. शेतमजुराच्या वाट्याला आलेला सूचनाफलक तेवढाच. रोजाने आलेल्या मजुराच्या पाठीवर पंप चढतो तेव्हा औषध आधीच पाण्यात मिसळलेले असेल, तर तो चौकोनही त्याच्या नजरेस पडत नाही.