खाते बंद झाले, माहितीचे काय?

यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावी बँकेचे व्यवहार, पीक विम्याचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे आता मोबाईलवर होऊ लागली आहेत. खाते उघडणे सुलभ झाले. परंतु ते बंद केल्यावर आपल्या माहितीचे काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो.

मोबाईलमधून ॲप काढून टाकले की खाते बंद झाले, हा समज चुकीचा आहे. ॲप काढल्यावरही नाव, मोबाईल क्रमांक व छायाचित्रे कंपनीच्या संगणकावर तशीच राहतात. त्यासाठी ॲप काढण्यापूर्वी त्यातील ‘खाते हटवा’ हा पर्याय निवडावा लागतो. ‘निष्क्रिय करा’ या पर्यायाने खाते केवळ झाकले जाते.

खाते हटविल्यावरही माहिती तत्काळ पुसली जात नाही. फेसबुक फेरविचारासाठी ३० दिवस देते व संपूर्ण माहिती पुसण्यास ९० दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो. काही माहिती कायद्यानेच जतन करावी लागते. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ अन्वये समाजमाध्यमांसारख्या सेवांना खाते रद्द झाल्यानंतरही नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवावी लागते. बँकांना ग्राहकाच्या ओळखीचे अभिलेख खाते बंद झाल्यापासून ५ वर्षे सांभाळावे लागतात. सातबारा किंवा जन्म-मृत्यूची नोंद हे तर सार्वजनिक अभिलेख होत. त्यांत दुरुस्ती होऊ शकते, परंतु मागणी केली म्हणून ते पुसले जात नाहीत.

कर्ज देणारी ॲप

पेरणीच्या दिवसांत बी-बियाणे व खतांसाठी पैशांची निकड असते. अशा वेळी झटपट कर्जाचे आमिष दाखविणारी बेकायदेशीर ॲप मोबाईलमधील नातेवाइकांचे क्रमांक व छायाचित्रे हस्तगत करतात आणि पुढे बदनामीची धमकी देतात. कर्ज फिटले, ॲप काढले, तरी एकदा गेलेली यादी परत येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच कर्जाच्या ॲपना संपर्क यादी व छायाचित्रे पाहण्यास मनाई केली असून, दिलेली संमती मागे घेऊन माहिती पुसून घेण्याची मुभा कर्जदारास दिली आहे. म्हणून अशी परवानगी मागणारे ॲप प्रथमच नाकारावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

मोबाईल क्रमांक सोडतानाही दक्षता हवी. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या व्यक्तीस मिळू शकतो. तत्पूर्वी बँक, आधार व इतर सर्व खात्यांत नवा क्रमांक नोंदवावा.

नागरिकांचा हक्क

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत केला. संमती मागे घेण्याचा आणि माहिती दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा हक्क त्यात मान्य झाला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून, हा हक्क बजावण्याविषयीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याचे त्यांत ठरविले आहे.

हक्क कागदावर राहू नये, यासाठी शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत खाते हटविण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी. जी माहिती देण्याची गरज नाही ती न देणे, हाच खबरदारीचा पहिला उपाय होय.